न्यायवैद्यक शवविच्छेदन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मृतांचे नातेवाईक, कायद्याचे विद्यार्थी, नवे डॉक्टर आणि बातमीदार सतत पाठवत असतात. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून कोणत्या कलमाखाली काय होतं ते इथे दिलेलं नाही. टेबलावर आणि कागदावर काय घडतं, ते आहे. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील. एक गोष्ट मात्र बऱ्याच उत्तरांत डोकावेल, ती आधीच सांगतो: शरीर जसंच्या तसं एकदाच मिळतं. त्या वेळी जे पाहिलं नाही आणि लिहिलं नाही, ते पुढे कितीही जाणकार माणूस आला तरी परत मिळत नाही.

१. न्यायवैद्यक शवविच्छेदन आणि हॉस्पिटलमधलं साधं शवविच्छेदन यांत फरक काय?

आजाराने गेलेल्या रुग्णाचं शवविच्छेदन करतात ते आजार कसा वाढला आणि उपचार कुठे कमी पडले हे समजावं म्हणून. त्याला घरच्यांची संमती लागते. त्यांनी फक्त छाती उघडायला परवानगी दिली, तर तेवढीच उघडतात.

मृत्यू अचानक, संशयास्पद, हिंसक किंवा कोठडीतला असेल, अथवा मृतदेह अनोळखी असेल, तर न्यायवैद्यक शवविच्छेदन होतं. तिथे प्रश्न वेगळे असतात: ही व्यक्ती कोण, कशाने गेली, साधारण कधी गेली, जखमा जिवंतपणीच्या की मृत्यूनंतरच्या, आणि त्या कशाने झाल्या. हे काम अर्धवट करता येत नाही. डोकं, छाती आणि पोट या तिन्ही पोकळ्या उघडायच्याच. छातीत गोळी स्पष्ट दिसते म्हणून डोकं न उघडता सोडलं, तर डोक्यात दुसरं काही नव्हतं हे नंतर कुणालाही शपथेवर सांगता येत नाही.

पद्धत जुनी आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात १३०२ साली विषप्रयोगाच्या संशयावरून न्यायाधीशाच्या आदेशाने मृतदेह उघडून तपासल्याची नोंद सापडते.

२. घरच्यांचा नकार असेल तर ते थांबवता येतं का?

बहुतेक देशांत नाही. आदेश तपास यंत्रणेचा किंवा न्यायालयाचा असतो, त्यामुळे संमतीचा प्रश्न येत नाही. पण घरच्यांना विचारायचं नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. मृताचे जुने आजार, रोजची औषधं, आधीच्या शस्त्रक्रिया, शेवटच्या काही तासांतली लक्षणं ही माहिती घरच्यांकडेच असते, आणि ती नसताना टेबलावर उभा राहिलेला डॉक्टर अर्धा आंधळा असतो. तुम्हाला काही माहीत असेल तर कुणी विचारायची वाट न पाहता लेखी द्या.

३. शरीर उघडण्याआधी काय काय करतात?

खरं तर निम्मं काम इथेच होतं, आणि घाईत सगळ्यात आधी हेच कापलं जातं.

आधी ओळख आणि सील तपासतात: मृतदेहाला बांधलेला क्रमांक, सोबतची कागदपत्रं आणि समोरचं शरीर जुळतंय का. मग कपड्यांसकट फोटो. हात संशयास्पद मृत्यूत घटनास्थळीच कागदी पिशव्यांत बांधून आणायचे असतात. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा साठतो आणि नखांखालचा पुरावा खराब होतो. कपडे शक्यतो न कापता काढतात. कापावेच लागले तर गोळीच्या किंवा चाकूच्या छिद्रातून कात्री कधीही जाता कामा नये. ओले कपडे मोकळ्या हवेत वाळवून कागदात बांधतात. गोळी कपड्यांतून आत गेली असेल तर बंदुकीच्या दारूची काजळी त्वचेवर कमी आणि कपड्यावर जास्त मिळते. कपडे हरवले की गोळी किती अंतरावरून झाडली हे सांगणं अवघड होऊन बसतं.

नंतर उंची, वजन, खुणा, गोंदण, दात. डोळ्यांच्या आणि ओठांच्या आतल्या बाजूला रक्ताचे बारीक ठिपके आहेत का, तेही पाहतात. गोळीबार, स्फोट, लहान मुलं आणि जळालेले किंवा कुजलेले मृतदेह यांत शरीर उघडण्याआधीच एक्स-रे काढलेला असावा. शरीराची पाठही तपासायची असते. सांगायला विचित्र वाटेल, पण पाठ न पाहिल्यामुळे जखम सुटल्याची उदाहरणं या शास्त्राला नवी नाहीत.

४. शरीर प्रत्यक्षात कसं उघडतात? सगळे अवयव बाहेर काढतात का?

गळ्याच्या खालपासून ओटीपोटापर्यंत सरळ उभा छेद, किंवा दोन्ही खांद्यांपासून छातीच्या मध्याशी मिळून खाली जाणारा इंग्रजी वाय अक्षरासारखा छेद घेतात. बरगड्यांचा पुढचा भाग मधल्या हाडासकट उचलतात. पण हृदय आणि फुप्फुसं काढण्याआधी ती जागच्या जागी पाहायची असतात: छातीत रक्त किती साचलंय, हवा आहे का, फुप्फुसाच्या मुख्य धमनीत गुठळी आहे का. अवयव बाहेर आल्यावर हे प्रश्न सुटत नाहीत.

अवयव काढण्याच्या पद्धती प्रामुख्याने चार. फिर्खो यांच्या पद्धतीत एकेक अवयव वेगळा काढतात, रोकितान्स्की यांच्या पद्धतीत बराचसा भाग शरीरातच कापून पाहतात, गोन यांच्या पद्धतीत एकमेकांशी जोडलेले अवयव गटागटाने काढतात, आणि लेट्युल यांच्या पद्धतीत सगळे एकत्र काढून मग सोडवतात. गोळीचा किंवा चाकूचा मार्ग दोन-तीन अवयवांतून गेला असेल, तर तो मार्ग तुटणार नाही अशी पद्धत निवडायची.

प्रत्येक अवयव वजन करून, कापून, वर्णन लिहून ठेवतात. प्रौढाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, हृदय सुमारे ३०० ग्रॅम. हृदय ५५० ग्रॅम भरलं, तर वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला होता का, ही शंका तिथेच उभी राहते.

डोक्यासाठी एका कानामागून दुसऱ्या कानामागे टाळूवरून छेद घेतात, कातडी पुढे-मागे सरकवतात आणि कवटीची टोपी करवतीने काढतात. बारीक तपासणी हवी असेल तर मेंदू १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवून घट्ट करणारं रसायन) साधारण दोन आठवडे ठेवून मग कापतात, कारण ताजा मेंदू फार मऊ असतो.

५. नंतर अंत्यदर्शन घेता येतं का? चेहरा खराब होतो का?

येतं. चेहऱ्यावर सहसा छेद घेत नाहीत. डोक्यावरचा छेद केसांत लपतो आणि छातीवरचा कपड्याखाली. अवयव परत ठेवून, कवटी बसवून, शरीर शिवून, धुऊन देणं हा कामाचाच भाग आहे. ढिसाळ टाके घालून मृतदेह देणं हा मृताचा आणि घरच्यांचा अपमान आहे, असं मी मानतो. मेंदूसारखा एखादा अवयव जास्त दिवस ठेवून घ्यावा लागला, तर तसं घरच्यांना सांगायला हवं. कुणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

६. अहवालात जखमा एवढ्या बारकाईने का लिहितात?

कारण वाचणाऱ्याने शरीर पाहिलेलं नसतं. ‘छातीवर डावीकडे चाकूची जखम’ एवढीच नोंद असेल तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पुरेशी नोंद अशी दिसते:

‘छातीच्या पुढच्या भागावर डावीकडे, मध्यरेषेपासून ३ सेंमी, डाव्या टाचेपासून १२२ सेंमी उंचीवर भोसकल्याची जखम. लांबी २.२ सेंमी, रुंदी ०.६ सेंमी, कडा जुळवल्यावर लांबी २.४ सेंमी. तिरकी. वरचं टोक बोथट, खालचं धारदार. कडा साफ. चौथ्या व पाचव्या बरगडीच्या मधून, हृदयावरणातून उजव्या निलयात. दिशा पुढून मागे, किंचित खाली. हृदयावरणात ३०० मिली द्रव व गोठलेलं रक्त.’

टाचेपासूनची उंची दिली की माणूस उभा असताना जखम कुठे होती ते कळतं. एक टोक बोथट, एक धारदार, म्हणजे पातं एका बाजूनेच धारेचं असण्याची शक्यता. पण जखमेची खोली म्हणजे पात्याची लांबी नव्हे. जोराच्या वारात छाती-पोट दबतं आणि लहान पातंही खोल जातं. संशयित हत्यार जखमेत घालून ‘बसतंय का’ पाहणं तर सपशेल चूक. त्याने जखम बदलते आणि हत्यारावरचा पुरावाही दूषित होतो.

जखमेचा प्रकार ओळखतानाही डोळा फसतो. डोक्यावर काठी बसली तर खाली लगेच हाड असल्यामुळे कातडी इतकी सरळ फाटते की जखम चाकूची वाटते. भिंग घेऊन पाहिलं की कडा चेचलेल्या दिसतात, केसांची मुळं चुरडलेली असतात, आणि जखमेच्या खोलात एका कडेपासून दुसरीकडे गेलेले ऊतींचे बारीक धागे टिकून असतात. धारदार शस्त्र असे धागे शिल्लक ठेवत नाही.

मुक्या माराच्या रंगावरून दिवस मोजण्याबद्दल खूप विचारणा होते. पिवळी छटा दिसली तर तो मार साधारण १८ तासांपेक्षा जुना, इतकंच भरवशाने म्हणता येतं. ‘नक्की तीन दिवसांपूर्वीचा’ असं कुणी लिहिलं असेल तर त्यावर प्रश्न विचारावा.

फोटो तीन अंतरांवरून: लांबून, मधून आणि जवळून. जवळचा फोटो मोजपट्टी ठेवून आणि मोजपट्टीशिवाय, कॅमेरा काटकोनात धरून, जखम पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर. जोडीला शरीराच्या आकृतीवर खुणा. आणि जे नाही तेही लिहायचं: ‘हातांवर बचावाच्या जखमा नाहीत’ हे वाक्य नसेल, तर त्या नव्हत्या की पाहिल्याच नाहीत हे कळायला मार्ग उरत नाही.

७. मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत सांगता येते का?

नाही. शरीर थंड होणं, ताठर होणं आणि रक्त खालच्या बाजूला साचून डाग पडणं, या तीन गोष्टी मुख्यतः पाहतात. ताठरता साधारण दोन ते चार तासांत जबड्याशी जाणवू लागते, बारा तासांच्या सुमारास सर्वांगात येते आणि पुढे ओसरते. उष्ण हवेत हे सगळं लवकर होतं, थंडीत उशिरा. मृत्यूआधी धावपळ किंवा झटापट झाली असेल तर आणखी लवकर. शरीराच्या तापमानावरून वेळ काढण्यासाठी हेन्सगे यांचा तक्ता वापरतात. त्यातही अनुकूल परिस्थितीत उत्तर सुमारे २.८ तास मागेपुढे असू शकतं. डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम वाढत जातं, त्याचीही मदत होते. जठरातल्या अन्नावरून वेळ काढणं बेभरवशाचं, कारण भीती, दुखापत आणि औषधं यांनी पचन थांबतं.

म्हणून प्रामाणिक उत्तर नेहमी ‘अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान’ असं असतं.

८. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे काय? अहवाल त्यामुळे अडकतो का?

विषाची किंवा औषधाची शंका असेल, अथवा कारण उघड नसेल, तर जठर व त्यातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड, रक्त, लघवी असे नमुने रासायनिक तपासणीला पाठवतात. तोवर कारणाबाबतचा अभिप्राय राखून ठेवतात. शवविच्छेदनातले निष्कर्ष मात्र त्याच दिवशी लिहिलेले असायला हवेत.

रक्त कुठून घेतलं याला फार महत्त्व आहे. मृत्यूनंतर काही औषधं यकृत, फुप्फुस यांतून आजूबाजूच्या रक्तात उतरतात, त्यामुळे हृदयातल्या रक्तात प्रमाण खोटं वाढलेलं दिसू शकतं. म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त घेतात आणि त्यात सोडियम फ्लोराइड घालतात. नाहीतर जिवाणूंमुळे बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये जातात. विषतपासणीचे चुकूनही नाही. प्रत्येक बाटलीवर क्रमांक, नमुन्याचं नाव, तारीख आणि सही हवी, आणि ती कुणी कुणाला कधी दिली याची नोंद अखंड हवी. मधला एक हात नोंदीत नसेल तर प्रयोगशाळेचं अचूक उत्तरही न्यायालयात टिकेल याची खात्री राहत नाही.

९. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ लिहिलंय. हे कारण झालं का?

नाही झालं. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. कारण म्हणजे ज्या आजाराने किंवा दुखापतीने ही साखळी सुरू झाली ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात ही साखळी वरून खाली लिहितात: मेंदूवर दाब, त्याचं कारण कवटीच्या आतला रक्तस्राव, त्याचं कारण उंचावरून पडून डोक्याला मार. सगळ्यात खालची ओळ म्हणजे मूळ कारण.

मृत्यूचा प्रकार ही आणखी वेगळी गोष्ट: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध किंवा अनिश्चित. वरच्या उदाहरणातला माणूस तोल जाऊन पडला, स्वतः उडी मारली की कुणी ढकललं, हे अनेकदा केवळ शरीर सांगत नाही. त्यासाठी घटनास्थळ आणि तपास लागतो. काही देशांत प्रकार ठरवण्याचा अधिकार डॉक्टरला नसतोच.

१०. गळफास होता की गळा आवळला, हे कसं ओळखतात?

फासाचा वळ सहसा गळ्याच्या वरच्या भागात, तिरका आणि गाठीपाशी तुटलेला असतो. दोरीने आवळलं तर तो खालच्या पातळीवर, आडवा आणि पूर्ण फिरलेला असतो. पण अर्धवट टेकलेल्या स्थितीतल्या फाशीत वळ आडवाही पडतो, त्यामुळे फक्त वळावर निकाल देऊ नये.

गळा शेवटी उघडतात. आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढले की मानेतलं रक्त उतरतं, मग स्नायूंचा एकेक थर सोडवत जातात. घाईने गळा आधी कापला तर अन्ननलिकेच्या मागे रक्त झिरपतं आणि ती दुखापत असल्यासारखी दिसते. त्याला प्रिन्सलू-गॉर्डन आभास म्हणतात. जिभेखालचं हायॉइड हाड मोडलेलं नाही म्हणजे गळा दाबला नाही, हा समजही चुकीचा. तरुण वयात ते लवचिक असतं.

११. पाण्यात किंवा आगीत सापडलेली व्यक्ती तिथेच मेली, की मेल्यावर टाकली?

आगीत उत्तर बऱ्याचदा स्पष्ट मिळतं. श्वासनलिकेत खोलवर काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल तर आग लागली तेव्हा श्वास सुरू होता. हातपाय आखडून मुठी आवळलेली स्थिती मात्र झटापटीची खूण नाही. उष्णतेने स्नायू आकसल्याने ती मृतदेहातही येते. कवटीला तडे आणि आत रक्ताचा थर, हेही केवळ उष्णतेने होऊ शकतं.

पाण्यात अवघड जातं. नाकातोंडाशी पांढरा फेस आणि फुगलेली फुप्फुसं बुडण्याकडे बोट दाखवतात, पण फेस इतर कारणांनीही येतो. अस्थिमज्जेत डायटम (पाण्यातली सूक्ष्म शैवालं) सापडणं हा पूरक पुरावा आहे, तोही त्याच पाण्याच्या नमुन्याशी जुळवला तर. बाकीची कारणं बाजूला सारत बुडण्यापर्यंत पोहोचावं लागतं.

१२. मृतदेह कुजलेला असेल तर शवविच्छेदनाला अर्थ आहे का?

आहे. हाडांवरच्या खुणा, गोळ्या, बरीच विषं टिकतात. ओळख दात, हाडं आणि डीएनए यांवरून पटते. माश्यांच्या अळ्यांच्या वाढीवरून किमान किती दिवस झाले याचा अंदाज येतो. सावधगिरी दोन बाबतींत: कुजण्याने त्वचेवर येणारा हिरवा-काळा रंग मारहाणीचा समजू नये, आणि थोडं अल्कोहोल मिळालं म्हणून ‘प्यायला होता’ असं लिहू नये (कारण प्रश्न ८ मध्ये).

१३. बरगड्या मोडल्यात, छातीवर वळ आहेत. मारहाण झाली असणार ना?

प्रत्येक वेळी नाही. जीव वाचवण्यासाठी छाती दाबताना पुढच्या बाजूच्या बरगड्या आणि मधलं हाड मोडणं नेहमीचं आहे. शॉकच्या पट्ट्यांचे डाग, सुयांच्या खुणा यांचीही गल्लत होते. कधी तर छातीतली नळी भोसकल्याच्या जखमेतूनच घातलेली असते. म्हणून उपचाराच्या नळ्या काढून टाकून मृतदेह पाठवू नये आणि उपचाराचे कागद सोबत द्यावेत. उलट, पाठीकडच्या बरगड्या मोडल्या असतील तर छाती दाबल्याचं स्पष्टीकरण सहसा पुरत नाही. लहान मुलांत तर अजिबात दुर्लक्ष करू नये.

१४. सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, असं होतं का?

होतं, आणि ‘कारण निश्चित करता आलं नाही’ हे सन्माननीय उत्तर आहे. हृदयाच्या विद्युत लयीचे आनुवंशिक दोष, उदाहरणार्थ लाँग क्यूटी किंवा ब्रुगाडा, मागे कोणतीही खूण ठेवत नाहीत. तरुण माणूस अचानक गेला आणि काहीच सापडलं नाही, तर जनुकीय तपासणीसाठी रक्त राखून ठेवणं भावंडांचा जीव वाचवू शकतं. घरच्यांनी हा विषय स्वतःहून काढावा.

१५. सीटी स्कॅन करून चिरफाड टाळता येणार नाही का?

काही प्रकरणांत टाळली जाते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ही दिशा विकसित केली. हाडांचे तडे, गोळ्यांचे तुकडे, नको तिथे असलेली हवा सीटीत उत्तम दिसते; फुप्फुसातली गुठळी, हृदयविकाराचा ताजा झटका, विषबाधा साध्या सीटीत सहज निसटतात. संशयास्पद मृत्यूत दोन्ही असणं सगळ्यात चांगलं.

१६. अहवाल पटला नाही, तर दुसऱ्यांदा शवविच्छेदन होतं का? पुरलेला मृतदेह काढता येतो का?

सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने दोन्ही होतं. पण दुसऱ्या डॉक्टरला अवयव कापलेले, रक्त वाहून गेलेलं, काही नमुने नसलेलं शरीर मिळतं. मोडलेली हाडं, न उघडलेले भाग, पाठ आणि हातापायांच्या स्नायूंखालचा मार हे त्याला अजून पाहता येतं. पहिल्या वेळचे फोटो चांगले असतील तर त्यांचा उपयोग शरीराइतकाच होतो. दहनानंतर हा पर्याय जवळपास संपतो, त्यामुळे शंका असेल तर अंत्यविधीआधी लेखी कळवा. रसायनं भरून मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया केली असेल तर बऱ्याच विषतपासण्या निकामी होतात. पुरलेला मृतदेह काढताना वरची, बाजूची आणि खालची माती वेगवेगळी घेतात; आर्सेनिकसारखं विष मातीतून आलं का, हा वाद त्यानेच मिटतो.

कोठडीतल्या मृत्यूंसाठी संयुक्त राष्ट्रांची मिनेसोटा नियमावली आहे, १९९१ची आणि २०१६ साली सुधारलेली. तपास स्वतंत्र असावा आणि ज्यांच्या ताब्यात मृत्यू झाला त्यांचा तपासावर प्रभाव नसावा, ही तिची मूळ मागणी.

१७. अहवाल नंतर बदलता येतो का?

नवी माहिती आली तर अभिप्राय बदलतो, बदलायलाही हवा. पण मूळ अहवालात खाडाखोड करून नाही. तारीख घालून, सही करून, कारण देऊन पुरवणी अहवाल जोडतात आणि आधीचा मजकूर वाचता येईल असा राहतो. निरीक्षणं आणि अभिप्राय वेगळे लिहिलेले असावेत ते यासाठीच: ‘कवटीखाली ८० मिली गोठलेलं रक्त’ हे निरीक्षण कायम राहतं, त्यावरचं मत बदलू शकतं. टेबलाशी उभं राहून हाताने लिहिलेली टिपणं रक्ताचे डाग पडले म्हणून फेकू नयेत. टंकलिखित अहवाल आणि ती टिपणं यांत फरक निघाला, तर दोन्ही समोर ठेवून उत्तर द्यावं लागतं.